छप्पन्न बोंबील आणि एक टेस्ट ड्राइव्ह

गाडी घ्यायचा निर्णय मी सुरमईच्या कालवणाचा दुसरा वाडगा संपवता संपवता घेतला. पोट रिकामं असतं तर कदाचित नुसता विचार करून थांबलो असतो.

झालं असं, की त्या दिवशी आई मार्केटातून चालत घरी आली. माझी आई जानकी, वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. गेली चाळीस वर्षं ती पहाटे आमच्या बंदरावर मासळी घेते आणि जोगेश्वरीच्या मार्केटात बसून विकते. तिचं वय सदुसष्ट आणि डावा गुडघा त्याहून म्हातारा. पाच रिक्षावाल्यांनी तिची पाटी बघून नाही म्हटलं. सहाव्याने बसवलं आणि अर्ध्या वाटेत उतरवलं. "मावशी, वास राहतो, मग कोणी बसत नाही," म्हणाला.

आईने हे सांगितलं ते रागाने नाही. गुडघ्याला तेल चोळत म्हणाली, "त्याचं पण बरोबर हाय रे. त्याला दिवसभर त्याच रिक्षात बसायचं असतं."

मला तेच लागलं. ती चिडली असती तर मी पण चिडलो असतो आणि विषय संपला असता.

"आपण गाडी घेऊ," मी म्हणालो.

माझी बायको कल्पिता भात वाढत होती. तिचा हात थांबला. "आपण म्हणजे कोण?"

"आपण म्हणजे आपण. कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेऊ. मागे पाटी, पुढे आई."

"आणि चालवणार कोण?"

"लायसन्स आहे माझ्याकडे." (आहे. अकरा वर्षांपूर्वी काढलं. तेव्हापासून इतकं जपून ठेवलंय, की त्याच्यावर साधा ओरखडा नाही.)

 भांडी घासता घासता कल्पिताने तोंडीच सगळा हिशेब जमवला. आईची भिशी, माझ्या फंडातून मिळेल ते आणि तिचा स्वतःचा मसाला विकून साठलेला पैसा. "साडेआठ लाख," ती नळ बंद करत म्हणाली. "वर एक रुपया नाही. वर गेलास तर गाडीला पेट्रोल नाही, तुलाच जुंपीन."

मी अंधेरीला एका विमा कंपनीत रेकॉर्ड विभागात क्लार्क आहे. नोकरीत मला आजवर काही म्हणजे काही निवडायला मिळालेलं नाही. खुर्चीसुद्धा एका रिटायर झालेल्या माणसाची आहे, आणि तिला अजून त्याच्या पाठीचा आकार आहे. त्यामुळे साडेआठ लाखांत चार गाड्यांतून एक निवडायची म्हटल्यावर मला जे काय झालं, ते सांगता येणार नाही. दोन महिने मी मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत होतो. टॉर्क म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही, पण कोणत्या गाडीला किती आहे ते झोपेत सांगेन. एक निळी फाइल केली. तिच्यात चार गाड्या आणि एकतीस रकाने. मायलेज, सर्व्हिसचा खर्च, एअरबॅगा, मागच्या सीटला एसीचा झोत लागतो का, इथपर्यंत.

"आये, हिचा ग्राउंड क्लिअरन्स दोनशे मिलिमीटर आहे," मी एकदा आईला सांगितलं.

"म्हणजे?"

"जमिनीपासून उंच आहे. खड्ड्यात खाली घासणार नाही."

"मग मी चढू कशी? स्टूल घेऊन फिरू?"

 एकतीस रकाने काढले होते, त्यात आईचा गुडघा कुठे नव्हता. बत्तिसावा रकाना पेनाने आखला.

एका शनिवारी आम्ही तिघं लिंक रोडवरच्या शोरूममध्ये गेलो. तिथे नेत्रा नावाची मुलगी भेटली. चोवीस-पंचवीसची असेल, कोटाची बाही जरा लांब, नोकरी नवीन असावी. ती बोलताना प्रत्येक वाक्य पाठ केलेलं वाटायचं, आणि मध्येच अडलं की मुलगी खरी वाटायची. मी निळी फाइल उघडून तिला पहिला प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं. मी तिचं उत्तर दुरुस्त केलं. (आता आठवलं की लाज वाटते.)

गाडी आवडली. चढायला फार उंच नव्हती, आई एका हाताने दार धरून आत बसली, दोनदा उठली, दोनदा बसली आणि म्हणाली, "जमतंय." बत्तिसावा रकाना पास. मग मी ऐटीत म्हणालो, "आठ लाख एकोणपन्नास हजार ना? आमच्या बजेटमध्ये आहे."

नेत्राने मला पाणी दिलं. आधी पाणी दिलं, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

"सर, ती एक्स-शोरूम किंमत आहे. रस्त्यावर येईपर्यंत टॅक्स, इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन धरून दहा लाख बारा हजार होतात."

मी विमा कंपनीत अठरा वर्षं नोकरी करतोय, आणि गाडीचा विमा काढावा लागतो हे माझ्या एकतीस रकान्यांत कुठेच नव्हतं! कल्पिताने माझ्याकडे बघितलं नाही. ती समोरच्या गाडीचा आरसा बघत राहिली. नवरा म्हणून माझी तेवढी इभ्रत ती नेहमी राखते.

"मग राहू दे," आई उठली. "मी जाते रोज तशी जाईन."

तेवढ्यात नेत्रा पाठांतर सोडून म्हणाली, "आजी, एकदा चालवून तर बघा. त्याला पैसे नाही लागत."

"मावशी म्हण मला," आई म्हणाली आणि परत बसली. "चालवायची तर माझ्या रस्त्यावर चालवायची. वेसाव्यातून मार्केटात. आणि माल भरून. रिकामी काय, कुठली पण गाडी चालेल."

"हिची डिकी तीनशे वीस लिटरची आहे, मावशी."

"लिटरात काय सांगतेस बाय? मी दूध विकते का?"

ठरलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी नेत्रा शोरूमची टेस्ट ड्राइव्हची गाडी घेऊन कोळीवाड्याच्या तोंडाशी हजर. आई थर्माकोलचा खोका घेऊन उभी. मला वाटलं होतं, मापासाठी रिकामा खोका असेल. उचलायला गेलो तर उचलेना.

"आत काय आहे?"

"बोंबील. छप्पन्न. आणि बर्फ. आज रविवार हाय, धंदा कोण बुडवील?"

नेत्राच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त रंग गेला. पण ती नाही म्हणाली नाही. खोका डिकीत आडवा बसेना, म्हणून मागच्या सीटची एक बाजू पाडली आणि खोका उभा लांब सरकवला. शेजारी आई आणि कल्पिता बसल्या. नेत्रा पुढे, माझ्या बाजूला. मी स्टिअरिंगवर. निळी फाइल माझ्या आणि नेत्राच्या सीटच्या मधे उघडीच ठेवली. गाडी चालवताना निरीक्षणं लिहायची होती ना!

पहिली दहा मिनिटं मी झकास चालवली. म्हणजे तेव्हा सिग्नल लाल होता. मग उड्डाणपुलाच्या चढावर पुढे बस थांबली आणि मीही थांबलो. बस निघाली. मी निघालो नाही. गाडी बंद पडली.

"काही हरकत नाही सर," नेत्रा म्हणाली. "क्लच दाबा, चालू करा."

मी चालू केली. गाडी मागे जायला लागली. मागच्या रिक्षावाल्याने असा भोंगा वाजवला, की माझ्यातला उरलासुरला ड्रायव्हर पण उतरून गेला. मी घाबरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि क्लच एकदम सोडला. गाडीने पुढे उडी मारली. आता पुढे पुन्हा थांबलेल्या बसवर आदळणार म्हणून मी ब्रेकवर उभा राहिलो. बसून ब्रेक दाबतात हे मला माहीत आहे, पण त्या क्षणी मी अक्षरशः उभा राहिलो, डोकं छताला लागलं.

गाडी थांबली. खोका थांबला नाही.

ज्यांनी बोंबील हातात धरून बघितलाय त्यांना सांगायला नको. हा मासा मेल्यावरसुद्धा कुणाच्या हातात राहत नाही. खोक्याचं झाकण उडालं आणि छप्पन्न बोंबील बर्फासकट गाडीभर झाले. डॅशबोर्डवर तीन. गिअरपाशी दोन. माझ्या कॉलरमधून काहीतरी थंडगार पाठीकडे गेलं, त्याचा आकडा मी तेव्हा मोजला नाही. आणि एक नेत्राच्या खांद्यावर.

ती ओरडली नाही. मान न हलवता, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "मावशी, हा जिवंत आहे का?"

"नाय गो बाय," आई म्हणाली. "पण ताजा हाय."

मागे आता सहा गाड्या भोंगे वाजवत होत्या.  तेवढ्यात माझ्या बाजूचं दार उघडलं. कल्पिता मागून उतरून आली होती. तिने पदर खोचलेला होता.

"सरक. मागे जाऊन बस."

"कल्पिता, ही गाडी आहे, ही काय..."

"मागे बस म्हटलं ना."

मी मागे, बर्फात बसलो. कल्पिताने आपलं लायसन्स नेत्राच्या हातात दिलं, सीट पुढे घेतली, आरसा वळवला, हँडब्रेक धरून गाडी त्या चढावर अशी उचलली, की माझ्या मांडीवरचा बोंबीलसुद्धा हलला नाही.

"तुला गाडी येते?" मी विचारलं.

"माझ्या बाबांचा बर्फाचा टेम्पो मढच्या जेट्टीवर कोण आणायचं? लग्नाआधी तीन वर्षं मीच आणायचे. लायसन्स वेळच्या वेळी रिन्यू पण केलंय."

"तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलंस?"

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. चार गाड्यांची एकतीस रकान्यांची माहिती मी दोन महिन्यांत काढली होती. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मार्केटात जायचं राहिलं. गाडी थेट शोरूमच्या मागच्या धुण्याच्या जागेत आली. उतरल्यावर नेत्रा एका कडेला जाऊन उभी राहिली, आणि मग मला दिसलं की ती रडतेय. आई तिच्यापाशी गेली.

"काय झालं गो?"

"मावशी, टेस्ट ड्राइव्हमध्ये माल न्यायची परवानगी नसते. मी मॅनेजर सरांना विचारलंच नाही. माझा तिसरा महिना आहे, अजून एक पण गाडी गेली नाही माझ्या हातून. आज काढतील मला."

आईने काही समजूत घातली नाही. लुगड्याचा काष्टा घट्ट केला, कल्पिताला लिंबं आणि बेसन आणायला पाठवलं आणि मला म्हणाली, "उभा काय राहिलास? मोज."

पुढचा दीड तास आमच्या घरातल्या दोन बायकांनी ती गाडी अशी धुतली, की शोरूमची धुणारी माणसं कडेला उभी राहून बघत होती. बेसन चोळायचं, लिंबू पिळायचं, कोमट पाणी, फडकं, परत बेसन. मी बोंबील मोजले. चोपन्न. परत मोजले. चोपन्नच.

तेवढ्यात मॅनेजर आला. कृणाल साहेब. पांढरा शर्ट, वय माझ्यापेक्षा दहा वर्षांनी कमी. त्याने गाडीत डोकं घातलं, बाहेर काढलं, माझ्याकडे आला. मी अदबीने निळी फाइल छातीशी धरून उभा होतो. त्याने एक मोठा श्वास घेतला आणि दोन पावलं मागे गेला.

"वास आहे. भयंकर वास आहे अजून! नेत्रा, दुपारी चारला पार्टी येतेय हीच गाडी चालवून बघायला. आता काय दाखवू त्यांना? हे सगळं तुझ्या पगारातून जाईल, आणि नंतर..."

"थांब रे," आई मधे आली. (साहेबाला कोणी 'रे' म्हटलेलं त्या शोरूमने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं.) "तिच्या पगाराला हात लावू नको. ती फक्त शेजारी बसली होती. गाडी उडवली माझ्या पोराने, बोंबील माझे. आणि खोटं नाही बोलणार, दोन सापडले नाहीत. असतील कुठेतरी आत."

"आत?" कृणाल साहेब खुर्ची शोधायला लागला.

आई गाडीभोवती एक फेरी मारून आली. ती मार्केटात दुसरीचा माल बघते तशी, हात न लावता.

"किती दिवसांची हाय ही?"

नेत्राने डोळे पुसले. "आठ महिने. सहा हजार किलोमीटर. पुढच्या महिन्यात अशीही विकायचीच होती, डेमो गाड्या आम्ही काढून टाकतो."

"मग आजच काढ. किती?"

"नऊ लाख पंचवीस हजार," मॅनेजर सवयीने बोलून गेला.

"सात."

"मावशी, गाडी आहे ही, मासे नाहीत!"

"वास कसला येतोय मग?" आई शांतपणे म्हणाली. "हे बघ बाळा. मी चाळीस वर्षं नासणारा माल विकते. सकाळी माल माझा असतो, मी बोलेन तो भाव. दुपार झाली की गिऱ्हाईक बोलेल तो भाव. तुझी दुपार झाली. चारला ती पार्टी येऊन नाक दाबून गेली, की मग मी पण सात बोलणार नाही."

मी आयुष्यात पुष्कळ मिटिंगा बघितल्या आहेत, कोपऱ्यात उभं राहून. पण अशी नाही. मॅनेजर आठ नव्वदवर आला. आई सात पंचवीसवर गेली. तो आठ साठ म्हणाला, आई खोका उचलून निघाली. (खोका मी उचलला. निघाली ती.) दारापाशी कल्पिताने हळूच नेत्राकडे बघितलं, नेत्राने मॅनेजरकडे.

"आठ चाळीस," कृणाल साहेब म्हणाला. "नाव बदलायचा खर्च, इन्शुरन्स, सगळं त्यातच. आणि हे शेवटचं."

"आणि गाडी नेत्राने विकली असं लिहायचं," आई म्हणाली.

"लिहू."

"आणि चोपन्न बोंबलांतले दोन डझन तू घ्यायचे. फुकट. घरी नेऊन तळ, मग वासाबद्दल बोल."

त्याने घेतले. रागावलेला माणूस बोंबील घेत नाही, एवढं मलाही कळतं. नेत्राने आईला वाकून नमस्कार केला आणि आईने तिच्या खांद्यावरचा बर्फाचा डाग आपल्या पदराने पुसला.

ते उरलेले दोन बोंबील तिसऱ्या दिवशी सापडले. गाडीत नव्हतेच ते. आमच्या कपाटात, माझ्या निळ्या फाइलमध्ये, मायलेज आणि सर्व्हिसच्या खर्चाच्या मधल्या पानात दबून बसले होते. म्हणजे गाडी त्या दिवशी स्वच्छ होती. मॅनेजरला आलेला वास माझा होता. मला फार अपराधी वाटलं आणि मी नेत्राला फोन करून सगळं खरं सांगितलं. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "सर, मी मॅनेजर सरांना सांगितलं तरी ते काही बोलणार नाहीत. चारची पार्टी तर आलीच नाही त्या दिवशी! तुम्ही नसता तर गाडी तशीच उभी असती. तुमचे किती आभार मानू?"

आभार! मला! आयुष्यात मी एवढी मोठी चूक करून एवढा कमी ओरडा कधी खाल्ला नव्हता. त्या दिवशी पुलावर बस पाच फूट पुढे होती, म्हणून मी त्या बसच्या ड्रायव्हरचा ऋणी आहे. मागच्या रिक्षावाल्याचाही, त्याने भोंगा वाजवला, पण रिक्षा मागे घेऊन मला जागाही दिली. नेत्राचा आहेच. आणि कल्पिताचा किती, ते बोलायला गेलो की ती म्हणते, "पुरे, कांदा चिर."

आता रोज सकाळी कल्पिता गाडी चालवते. आई पुढे बसते, सीटला मागे रेलून, गुडघ्यावर हात ठेवून. मागे माल. परतताना त्या मार्केटातल्या आणखी दोघी म्हाताऱ्यांना आपापल्या दारात सोडतात. गेल्या आठवड्यात आई घरात आली आणि पाय न चोळता थेट जेवायला बसली. मी आणि कल्पिताने एकमेकांकडे बघितलं. कालवण त्या दिवशी फारच चांगलं झालं होतं.

राहिलं गाडीच्या नावाचं. आमच्यात होडीला नाव असतंच, मग गाडीला का नको, असं आई म्हणाली. होड्या रंगवणारा पेंटर बोलावला. मागच्या काचेवर त्याने आधी वर देवीचं नाव काढलं. त्याखाली झोकदार अक्षरांत 'जानकी-कल्पिता'. त्याखाली आईच्या हट्टाने 'नेत्रा प्रसन्न'. मी बाजूला उभा राहून, नकळत, केस नीट केले.

पेंटरने ब्रश थांबवून विचारलं, "मुलाचं पण नाव टाकू का, मावशी?"

आईने काचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मनापासून म्हणाली, "टाक ना, जागा उरली तर टाक."

जागा उरली नाही. कॉम्पॅक्ट गाडी आहे.